सोन्याची रेघ किती विश्वासाची?

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्याला प्रथम वऱ्हाडात लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी आली, अकोल्यातही निर्बंध कडक झाले. चर्चा झाली ती लग्नसमारंभांतील गर्दीची आणि विषाणूच्या नव्या अवताराची. रुग्ण ज्या साधनाने शोधायचा, त्याविषयी मात्र कमीच बोलले गेले.

२०२० च्या उन्हाळ्यात अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ येथे आरटी-पीसीआरची सोय झाली. तत्पूर्वी घशातील स्राव नागपूरला धाडून अहवालाची प्रतीक्षा करावी लागे. पुढे १४ जून २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अँटिजेन चाचणीस मान्यता दिली. अर्ध्या तासात निकाल देणारी ही पट्टी म्हणजे सामान्य माणसाच्या हाती आलेले नॅनोतंत्रज्ञानच होय. अशा पट्ट्यांत बहुधा सोन्याचे, काही अब्जांश मीटर आकाराचे कण वापरतात. इतक्या सूक्ष्म रूपात सोने पिवळे न दिसता लाल दिसते. कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. ती विषाणूचे प्रथिन पकडतात आणि ठरावीक जागी कण साचून लाल रेघ उमटते.

रेघ उमटली तर ती बहुधा खरी. प्रश्न न उमटलेल्या रेघेचा आहे. परिषदेनेच केलेल्या पडताळणीत पहिल्या मान्यताप्राप्त किटची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के आढळली. म्हणजे शंभर बाधितांपैकी किमान सोळा आणि वाईट स्थितीत जवळजवळ निम्मे निसटणार. म्हणूनच लक्षणे असूनही अहवाल निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करण्याचा दंडक होता.

ही उणीव नवे जैवसंवेदक भरून काढतील, अशी आशा आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२० मध्ये ग्राफिनच्या पापुद्र्यावर प्रतिपिंडे बसवून, प्रथिन चिकटताच विद्युतप्रवाहात होणारा बदल टिपला. प्रथिनाचे अत्यल्प प्रमाणही त्यात कळले. मात्र त्यांचे लक्ष्य होते विषाणूवरील काटेरी प्रथिन, आणि नेमके तेच बदलते. ई४८४क्यू व एल४५२आर हे बदल असलेल्या नमुन्यांचे प्रमाण महाराष्ट्रात वाढल्याचे केंद्राने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले, ते याच प्रथिनातील. बाजारातील पट्ट्या बहुतांशी विषाणूच्या आतील, तुलनेने स्थिर प्रथिन शोधतात. साधी पट्टी याबाबतीत अधिक शहाणी ठरली म्हणायची!

दुसरी अडचण अगदी घरची आहे. त्या पहिल्या किटची साठवण २ ते ३० अंश तापमानात करावी लागे; अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीच्या आसपास असतो. मेळघाटातील एखाद्या उपकेंद्रात वीज गेली, तर किट कोठे ठेवायचे? नव्या संवेदकांची परीक्षा वातानुकूलित प्रयोगशाळेतच झाली, तर धारणीच्या परिचारिकेला त्यांचा उपयोग किती होणार, हे सांगता येणार नाही. अमरावती व अकोल्याच्या प्रयोगशाळांना करोनाकाळातील चाचण्यांचा अनुभव आहे. अशा उपकरणांची पडताळणी मे महिन्यात, याच दोन जिल्ह्यांत आणि आरटी-पीसीआरशी ताडून करण्याचे काम राज्य शासनाने त्यांच्याकडे सोपवावे.