निरीक्षण विहीर

तळे आटू लागले की साऱ्या गावाला दिसते. परंतु भूगर्भातील पाणी केव्हा उतरले, हे विहिरीवाचून कोण सांगणार? म्हणूनच महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने ठिकठिकाणच्या विहिरी निरीक्षणासाठी निवडल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत तेथे टेप सोडून पाण्याची पातळी मोजतात. पाण्याचे नमुनेही तपासले जातात. कारण नायट्रेट वा फ्लोराइड वाढले, तरी पाणी नितळच दिसते.

ही नोंद कचेरीच्या दप्तरातच पडून राहिली, तर मात्र अर्धे श्रम वाया गेले म्हणावयाचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे ग्रामस्थ पाऊस आणि विहिरींची पातळी स्वतः मोजतात व त्या हिशेबावरून कोणती पिके घ्यावयाची, ते ग्रामसभेत ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास तर तेथे बंदीच आहे. असा नियम ऐकावयास सोपा, पाळावयास कठीण! शेजारी पाळील की नाही, ही शंका प्रत्येकाच्या मनात येणारच. आकडा सर्वांदेखत लिहिलेला असला, तर ती पुष्कळशी ओसरते. म्हणून प्रत्येक गावाने आपल्या विहिरीची पातळी चावडीच्या फळ्यावर खडूने लिहावी. ऑक्टोबरच्या आकड्याशेजारी मे महिन्याचा.