गल्ल्यावर कोण बसतं?

मंडळी, आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी 'पुण्यातली हरवलेली हॉटेलं' नावाचा मजकूर येऊन पडतो. डेक्कनवरचं लकी गेलं, कँपातलं नाझ गेलं, गुडलक तेवढं उरलं, तो बनमस्का, तो पाणी कम चहा... आणि खाली रडक्या चेहऱ्यांची ही भली मोठी रांग. अर्ध्या तासाने त्याच ग्रुपवर रविवारी कुठे जेवायला जायचं याची चर्चा सुरू होते. ठरतं काय, तर मॉलमधला पिझ्झा! रडणारे तेच आणि पिझ्झा मागवणारेही तेच.

मला या रडण्याचा कंटाळा आला आहे. हॉटेलं गेली याचं वाईट मलाही वाटतं, पण ज्या कारणासाठी हे सगळे उसासे टाकतात ते कारणच मुळी खोटं आहे. चव, बनमस्का, संगमरवरी टेबलं, वाकड्या लाकडी खुर्च्या हे सगळं ठीक. पण खरं जे गेलं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी त्या 'सोनेरी' दिवसांचा हिशोब करून टाकू. मी हडपसरला नोकरीला लागले १९७४ साली. सोलापूर रस्त्याला तेव्हा भाजीचे मळे होते, किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कारखान्यांत पाळ्या चालत, आणि गाडीतळावर एक हॉटेल होतं. भाजी विकून आलेले शेतकरी, पाळी सुटलेले कामगार, एसटीचे ड्रायव्हर, सगळे तिथे. कोण नव्हतं, तर आम्ही बायका. एकटी शिक्षिका आत जाऊन चहा पिते, ही गोष्ट तेव्हा गावभर झाली असती. 'फॅमिली रूम' म्हणून एक खोली असे, तिचा पडदा तेलकट आणि पंखा कायम बंद! तेव्हा माझे दीर आणि भाऊ 'काय ते दिवस' म्हणू लागले, की मी मनात म्हणते, तुमचे दिवस हो, आमचे नव्हेत.

दुसरं, शाळेत तारेच्या स्टँडमधून चहाचे ग्लास घेऊन येणारा पोऱ्या. त्याचं वय माझ्या पाचवीतल्या मुलांएवढं. वर्गाच्या दाराशी उभा राहून तो फळ्याकडे बघत असे. हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. म्हणजे ज्या चहाच्या आठवणीने तुमचे डोळे भरून येतात, तो चहा बहुतेक वेळा शाळेत नसलेल्या एका मुलाने आणलेला असे.

आणि जातीचं काय? याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर केवढं वादळ उठलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ती तर मोठी माणसं. खेड्यापाड्यांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे, हे माझ्या पिढीला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

तेव्हा साखळीवाल्यांना त्यांचं श्रेय देऊन टाकू. मॅकडोनाल्ड्स, डॉमिनोज भारतात आले ते १९९६ साली, कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान बंगळूरला उघडलं तेही त्याच वर्षी. स्टारबक्स आलं २०१२ ला. आमच्याकडे मगरपट्टा उभं राहिलं, मग अमनोरा, मग सीझन्स मॉल, आणि ही सगळी मंडळी हडपसरला राहायला आली. माझी नात तिथे एकटी लॅपटॉप उघडून दोन तास बसते. कोणी टक लावून बघत नाही, कोणी जात विचारत नाही, स्वच्छतागृह स्वच्छ असतं, भाव भिंतीवर लिहिलेला असतो. हे थोडं नाही. बर्गर परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तर मी विचारते, साबुदाणा आणि बटाटा काय वेदांत होते?

मग माझी तक्रार काय?

माझी तक्रार अशी, की गल्ल्यावर बसणारा माणूस गेला.

गाडीतळावरच्या त्या हॉटेलचा मालक फार गोड माणूस होता असं नाही. चिकट होता, तोंडाने फटकळ होता. पण तो तिथे होता! कारखान्यात पगार लांबला, की त्याच्या उधारीच्या वहीची पानं वाढायची. कोणाचं खातं चालू ठेवायचं आणि कोणाचं बंद करायचं हे तो माणूस बघून ठरवी. आषाढीला दोन्ही पालख्या पुण्याहून हडपसरपर्यंत येतात. इथून माउली दिवे घाटाने सासवडला निघतात आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. त्या दिवशी वारकऱ्यांना चहा फुकट. कोणत्या हेड ऑफिसला विचारून? स्वतःच्या मनाला विचारून. आणि तो चुकला, तर त्याच्याशी भांडता येत असे. चार माणसांत त्याला लाज वाटे, कारण संध्याकाळी देवळात तीच चार माणसं त्याला भेटणार असत.

मागे एका मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात मी काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "बाळ, मला अर्धीच कॉफी दे. पैसे पूर्ण घे, पण टाकायला नको." पोरगा बिचारा गांगरला. म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये नाहीये." त्याचा काय दोष? अर्धा कप देण्याचाही अधिकार ज्याला नाही, त्याच्यावर रागावून करायचं काय? आणि ज्याला तो अधिकार आहे, तो हडपसरमध्ये राहत नाही. बरं, सिस्टीमला माणूस ओळखता येत नाही असं म्हणावं, तर ती मोबाईल नंबर घेते आणि वाढदिवसाला कूपन पाठवते. उधारी मात्र देत नाही!

तुम्ही म्हणाल, बाई, आत्ताच तर तुम्ही जुन्या मालकांची जात काढलीत. तोच मालक वेगळी कपबशी ठेवायचा ना? ठेवायचा. म्हणूनच कोल्हापूरची एक गोष्ट सांगते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी असलेले दलित नोकर. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी त्या दारात उभी करवत, तिथला चहा पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. महाराजांनी कांबळ्यांना दुसऱ्याच्या हॉटेलात नोकरीला चिकटवलं असतं, तरी त्यांचं पोट भरलं असतं. पण त्यांना गल्ल्यावर बसवलं, म्हणून गावाला धडा मिळाला. वाईट मालकाला उत्तर म्हणून तिथे दुसरा मालक उभा केला गेला. बिनमालकाचं दुकान हे त्यावरचं उत्तर नव्हे.

आता आजच्या काळात या, आणि चहाकडेच बघा. 'अमृततुल्य' हा शब्द पुण्यात रुजवला तो राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य १९२४ चं. पितळेचं पातेलं, आलं-वेलदोडा कुटायचा खलबत्ता, पळीने वर-खाली होणारा चहा, कापडातून गाळून किटलीत. शब्द सगळ्यांचा, दुकान ज्याचं त्याचं, आणि चव हाताची. आज हाच शब्द लिहिलेल्या एकसारख्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात. पाटी मराठी, मालकाचं आडनाव मराठी, म्हणून आपण खूश! पण आत शिरून बघा. चहाचा मसाला कंपनीकडून, कप कंपनीचे, टाइल्स आणि दिवे कंपनी सांगेल त्या ठेकेदाराकडून. ज्याचं दुकान म्हणायचं त्याने पाटीसाठी रक्कम मोजायची, जागेचं भाडं भरायचं, पोरांचे पगार द्यायचे, आणि माल कंपनीकडूनच घ्यायचा. कंपनीचा फायदा पाटी लागल्या दिवशी सुरू होतो. याचा, झालाच तर!

माझ्या एका विद्यार्थ्याने अशीच एक फ्रँचायझी घेतली होती. नाव त्याचंही सांगत नाही आणि साखळीचंही. वडिलांची थोडी जमीन विकून आलेला पैसा त्यात घातला. मुलगा कष्टाळू, पहाटे पाचला दुकान उघडायचा. वर्षभरात समोर दुसऱ्या साखळीचं दुकान आलं, कोपऱ्यावर तिसऱ्या. याला भाव उतरवायची मुभा नाही, पदार्थ वाढवायची मुभा नाही. आईच्या हातच्या कांदाभजीला गिऱ्हाईक होतं, ती ठेवली तर तपासायला आलेल्या माणसाने काढायला लावली. दोन वर्षांत शटर ओढलं. मला म्हणाला, "बाई, दुकान माझं होतं, पण माझं काहीच चालत नव्हतं." वर्गात वाक्यप्रचार शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला कधी सुचलं नसतं. कंपनीचा एक पैसा बुडाला नाही. बुडाली ती जमीन.

आणि हे घडतं कुठे, तर हडपसरमध्ये! ज्या गावच्या शेतकऱ्यांनी साऱ्या देशाला मालकीचा धडा घालून दिला तिथे. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी बिल्डरला जमिनी विकून पैसे उडवले नाहीत. शंभरावर कुटुंबांनी मिळून चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि त्यात भागीदार राहिले. लोक लांबून ते बघायला येतात. जमीन गेली तरी मालकी जाऊ देऊ नये, हे ज्यांच्या आजोबांना कळलं, त्यांचे नातू दुसऱ्याची पाटी विकत घेऊन त्याखाली राबतायत. याचं मला दुःख आहे, बनमस्क्याचं नाही.

आता माझा भाचा लगेच म्हणेल, "मावशी, सगळ्याच साखळ्या वाईट कशा?" अरे, मी कुठे म्हटलं? इंडियन कॉफी हाऊस बघ. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसेस बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. तीही साखळीच. पण कॉफी आणून देणारा वेटर तिथे संस्थेचा सभासद असतो. शाखा किती, हा प्रश्नच नाही. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला काही ठरवता येतं का, हा प्रश्न आहे. चितळ्यांच्या 'एक ते चार बंद'वर आपण जन्मभर विनोद केले. पण दुपारी दुकान बंद ठेवून झोपण्याचा हक्क फक्त मालकालाच असतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. फ्रँचायझीवाल्याने एक दिवस झोपून दाखवावं!

मग करायचं काय? सह्यांची मोहीम वगैरे मला सुचवायची नाही. तीन साध्या गोष्टी सांगते.

एक, कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने मिसळ पाच रुपयांनी वाढवली की 'लुटतोय' म्हणायचं, आणि मॉलमध्ये तीनशे रुपयांच्या कॉफीला मुकाट्याने कार्ड पुढे करायचं, हा दुटप्पीपणा आधी बंद करा. छोट्या हॉटेलवाल्याचं भाडं काही आपल्या आठवणींनी भागत नाही. त्याला रोजचं गिऱ्हाईक लागतं.

दोन, त्याच्याकडे हक्काने मागा. स्वच्छ स्वच्छतागृह मागा, बायकांना निवांत बसता येईल अशी जागा मागा, टेबल पुसायला धड फडकं मागा. तो समोर आहे, त्याला सांगता येतं. साखळ्यांनी जे चांगलं शिकवलं ते त्याच्याकडून करून घ्या. 'जुनं ते सोनं' म्हणून त्याच्या घाणीचं कौतुक करू नका.

तीन, घरातला मुलगा फ्रँचायझी घेतो म्हणाला, तर करारनामा त्याच्या शेजारी बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. भाव कोण ठरवणार, माल कुठून घ्यायचा, शेजारी त्याच कंपनीची दुसरी शाखा आली तर काय, बंद करायची वेळ आली तर अनामतीचं काय, एवढं तरी विचारा. आणि त्याला म्हणावं, तेवढ्याच पैशात छोटा गाळा घे, पाटीवर स्वतःचं नाव लिही आणि आईची भजी ठेव. बुडालास तरी स्वतःच्या चुकीने बुडशील, आणि त्यातून काही शिकशील.

पस्तीस वर्षं पेपर तपासले आहेत. गाईडमधून उतरवलेलं उत्तर मला पहिल्या ओळीत ओळखू येतं. बरोबर असतं, स्वच्छ असतं, सगळ्या वह्यांत एकसारखं असतं. गुण द्यावेच लागतात. पण मुलगा त्यात कुठेच नसतो. आमच्या गाडीतळावरचा चहा हल्ली मला तसा लागतो.

असो. पुढच्या वेळी ग्रुपवर तो 'हरवलेली हॉटेलं'चा मजकूर आला, की रडका चेहरा टाकण्याआधी एवढंच सांगा, गेल्या महिन्यात गल्ल्यावर मालक बसलेल्या किती हॉटेलांत तुम्ही चहा प्यायलात? आकडा कळवा. मी वाट बघते.