भिंत पाडण्याआधी वरच्या मजल्यावर जाऊन या

आजीला वॉकर लागला आणि आमच्या घरातली एक भिंत सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

आमचा फ्लॅट चंदीगड हाउसिंग बोर्डाचा, जुना, तळमजल्यावरचा. स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्या मध्ये दहा फूट लांबीची भिंत, आणि तिच्यातलं दार इतकं अरुंद की वॉकर तिरका केल्याशिवाय जात नाही. पोळ्या लाटता लाटता आई दर दोन मिनिटांनी विचारणार, "आई, बऱ्या आहात ना?" आणि बाहेरून आजी ओरडणार, "अगं आहे अजून!"

म्हणून ठरलं, भिंत काढायची. ओळखीतून एक ठेकेदार आला. त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, "कच्ची दीवार है जी, एक दिन का काम." मलबा उचलण्यासकट आकडा सांगितला. आकडा कमी होता, बाबा खूश झाले.

शनिवारी आवाज होईल एवढं सांगायला बाबा वरच्या मजल्यावर गेले. अंकलजींनी चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "हमारी भी दीवार ठीक वहीं है. वो किस पर खड़ी है?"

बाबा खाली आले ते गप्प गप्प. शनिवारचं काम रद्द झालं.

खरं सांगायचं तर तोवर मलाही वाटायचं, की घर खांबांवर उभं असतं आणि भिंती नुसत्या खोल्या वेगळ्या करायला असतात. नव्या इमारतींत बहुतेक वेळा तसंच असतं. पण चंदीगडच्या बऱ्याच जुन्या घरांत खांब नाहीतच. स्लॅबचं वजन विटांच्या भिंतींवर, त्या भिंतींचं खालच्या भिंतींवर आणि तिथून पायावर. आमच्या डोक्यावर दोन मजले आहेत, म्हणजे दोन बिऱ्हाडं.

मग आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअर ताईंना बोलावलं. त्यांनी टिचकी मारलीच नाही. आधी दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. आपल्याकडची वीट साधारण नऊ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद. प्लास्टर धरून भिंत पाच-साडेपाच इंच भरली, तर ती एकेरी विटेची, बहुधा नुसती आडभिंत. दहा इंच भरली, तर सावध व्हायचं. आमची दहा भरली. मग त्या वर जाऊन दोन्ही घरं बघून आल्या: भिंतीवर भिंत, तिच्यावर पुन्हा भिंत. स्लॅबच्या सळ्या कोणत्या बाजूला टेकल्यात तेही त्यांनी पाहिलं. सगळा बोजा आमच्या याच भिंतीवर.

जाडीवर डोळे मिटून विसंबू नका, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, बिल्डर त्याला मिवान म्हणतात. त्या सहा इंचांच्या असल्या तरी इमारत त्यांच्यावरच उभी असते. तिथे साधी खिडकी वाढवायचाही विचार नको.

"पण काकांच्या ओळखीत कितीतरी लोकांनी भिंती काढल्या, काही झालं नाही," असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी घाटकोपरची आठवण करून दिली. 25 जुलै 2017 ला तिथली साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारालाच हात लावल्याचा आरोप झाला. मेलेली माणसं वरच्या घरांत आपापल्या कामात होती. शिवाय चंदीगडला भूकंपाचा धोका मुंबईपेक्षा जास्त आहे. विटांच्या घरात भूकंपाचा धक्का भिंतीच झेलतात, त्यामुळे आज काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असं नाही.

आजीने विचारलं, "मग मी वॉकर तिरकाच न्यायचा का?"

नाही. उपाय निघाला. अख्खी भिंत न काढता मधोमध पाच फुटांचं मोकळं दार. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट भिंत तशीच, आणि वर दोन लोखंडी गर्डर, ज्यांची टोकं या उरलेल्या भिंतींवर टेकतील. भिंतीला हात लावण्याआधी दोन्ही खोल्यांत स्लॅबखाली टेकू, आणि गर्डर बसून वरची फट सिमेंटने भरून ते पक्कं होईपर्यंत टेकू काढायचे नाहीत. काढायचे कधी, हे ताई सांगणार, मिस्त्री नाही.

कागदपत्रांना वेळ लागला. बोर्डाच्या घरात असा बदल करायला अर्ज करावा लागतो आणि इमारतीच्या मजबुतीचा इंजिनिअरचा दाखला जोडावा लागतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून ताजा आदेश बघूनच अर्ज भरा. महाराष्ट्रात सोसायटीत राहत असाल तर आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. सेक्रेटरींनी जिन्यात मान हलवली, तिला परवानगी म्हणत नाहीत!

आता ठेकेदाराबद्दल. दुसऱ्या वेळी आम्ही तिघांना बोलावलं आणि तिघांनाही इंजिनिअरचं ड्रॉइंग दाखवलं. एकाने ते न उघडताच "हो जाएगा" म्हटलं. त्याला पाणी देऊन निरोप दिला. ज्याने टेकू किती आणि कुठून आणायचे असं उलट विचारलं, त्याला काम दिलं. त्याचा दर सगळ्यांत जास्त होता. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरले आणि काय-काय त्यात धरलंय ते कागदावर घेतलं: भिंतीतल्या वायरी आणि पाण्याचे पाइप आधी कोण बंद करणार, प्लास्टर कोण करणार, मलबा कुठे जाणार.

मलबा हे प्रकरण कुणी गांभीर्याने घेत नाही. आमची भिंत पूर्ण काढली असती, तर दार वगळूनही सुमारे तीन टन विटा निघाल्या असत्या. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून बांधतात. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि मजुरांनी खोलीच्या मधोमध अर्धा मीटर उंच ढीग केला, तर तो हिशेब तिपटीने ओलांडला जातो. म्हणून जसं निघेल तसं पोत्यांत भरून खाली. आणि रात्री गुपचूप रस्त्याकडेला नाही. बांधकामाच्या कचऱ्यासाठी 2016 पासून वेगळे नियम आहेत.

काम चार दिवस चाललं. टेकू उभे होते तोवर बाबा रात्री दोनदा उठून टॉर्चने छत बघायचे. अंकलजीही रोज खाली येऊन, मान वर करून, काही न बोलता जायचे.

आता आई पोळ्या लाटते आणि आजी समोर बसून, कोणती पोळी करपतेय ते सांगते. हाका थांबल्या, भांडणं वाढली. फक्त भिंत जिथे होती तिथे जुन्या मोझॅकमध्ये पाच फुटांची उघडी पट्टी राहिली आहे. हे काम आम्ही कागदावर लिहायला विसरलो होतो. वॉकर अडकू नये म्हणून तिच्यावर सध्या सिमेंट फिरवलंय. मोझॅकवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणतोय. गेले तीन आठवडे हेच म्हणतोय.