विश्लेषण : झोपलेल्या हार्ड डिस्कची तब्येत तपासायची कशी?

घरातले वर्षानुवर्षांचे फोटो किंवा छोट्या कार्यालयाचे हिशेब एकाच ठिकाणी ठेवण्यासाठी ‘नॅस’ किंवा छोटा सर्व्हर वापरला जातो. वीज वाचावी म्हणून काम नसताना त्यातील हार्ड डिस्क थांबवल्या जातात. मात्र त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच अनेकदा त्यांची झोपमोड करते. यातून मार्ग काय?

डिस्क ‘झोपते’ म्हणजे काय?

हार्ड डिस्कच्या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० ते ७,२०० फेरे घेतात. ठरावीक वेळ वाचन-लेखन झाले नाही, तर मोटर थांबते. इलेक्ट्रॉनिक भाग तेवढा जागा राहतो. या स्थितीला ‘स्टँडबाय’ म्हणतात. साडेतीन इंची डिस्क काम न करता नुसती फिरली, तरी साधारण पाच वॅट वीज घेते. अशा चार डिस्क वर्षभर फिरत राहिल्या तर सुमारे १७५ युनिट खर्च होतात.

तपासणीने झोपमोड का होते?

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते. बदललेले सेक्टर, तापमान, चालू राहिलेले तास त्यात असतात. लिनक्सवरील ‘स्मार्टडी’ प्रोग्रॅम वेगळी सूचना नसल्यास ही नोंद दर ३० मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ४८ वेळा वाचतो. अनेक डिस्कमध्ये ती वाचण्यासाठी मोटर सुरू होते. प्रत्येक वेळी असे झाले, तर वर्षाला १७,५०० हून अधिक वेळा. झोपेची मुदत तासाभराची असेल, तर अशी डिस्क झोपतच नाही.

उपाय कोणता?

डिस्क जागी आहे का, एवढेच आधी विचारता येते. त्याचे उत्तर मोटर न फिरवता मिळते. स्मार्टडीमध्ये ‘स्टँडबाय’चा पर्याय निवडल्यास झोपलेल्या डिस्कची तपासणी टाळली जाते. पण ‘तपासणी टाळली’ ही नोंदच त्या डिस्कवर लिहिली गेली, तर ती पुन्हा जागी होते! म्हणून ही नोंद बंद ठेवण्याचीही सोय आहे.

मग तपासणी टाळतच राहावी का?

नाही. महिनोन्महिने झोपलेल्या डिस्कवरील खराब सेक्टर कोणी वाचतच नाही. ‘रेड’ व्यवस्थेत जोडीची डिस्क बंद पडते, पुनर्बांधणीसाठी उरलेली डिस्क पूर्ण वाचावी लागते आणि नेमका तेव्हा दोष उघड होतो. त्यामुळे टाळण्यालाही मर्यादा हवी. सलग ४७ वेळा टाळल्यावर एकदा सक्तीने तपासणी, असे ठरवले की दिवसाला एक तपासणी नक्की होते. काही तास चालणारी दीर्घ स्व-चाचणी महिन्यातून एकदा, रात्रीच्या बॅकअपनंतर डिस्क जागी असतानाच लावणे सोयीचे.

नोंदी चांगल्या, म्हणजे डिस्क सुरक्षित?

तसे नाही. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख स्मार्ट निदर्शकांपैकी एकानेही इशारा दिला नव्हता. उलट, पहिली स्कॅन त्रुटी दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बिघडण्याची शक्यता ३९ पट अधिक आढळली. म्हणजे इशारा आला तर डिस्क बदलण्यात दिरंगाई नको आणि आला नाही तरी निर्धास्त राहू नये. फोटो आणि हिशेबांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असणे, हाच खरा विमा.