तिकिटावरचे तास आणि चौविहार



गतवर्षी सप्टेंबरअखेर आमच्या थोरल्या वहिनी मुलाकडे न्यूयॉर्कला जाण्यास निघाल्या. वय ७४, रक्तदाबाचे औषध चालू, आणि चौविहाराचा नियम ३० वर्षांचा. तिकीट काढण्याआधी वेळापत्रक दाखवून म्हणाल्या, "भावजी, रात्री १ वाजता विमान सुटते, सकाळी साडेसातला पोहोचते. साडेसहा तासांचाच प्रश्न आहे. नवकारशी तिकडे पारेन."

मी कागद-पेन्सिल मागितली. वेळापत्रकावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाची असते. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. विमानाचा सरासरी वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर साडेसहा तासांत ते कापले जाणे शक्यच नाही. न्यूयॉर्कचे घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे प्रवास १६ तासांचा.

परतीचे विमान दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईस उतरत होते. दिसायला २४ तास, प्रत्यक्षात साडेचौदा; कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरील वेगवान वारे येताना साथ देतात. आता ताळा पाहा. कागदावरचे साडेसहा आणि २४ मिळून साडेतीस. खरे १६ आणि साडेचौदा मिळूनही साडेतीसच. घड्याळांतील फरक जाताना वजा होतो, येताना जमा होतो.

परंतु नियम सूर्याशी बांधलेला आहे. विमान पश्चिमेकडे, म्हणजे रात्रीच्याच सोबतीने जाते. मुंबईत सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. पुढचा सूर्योदय जवळजवळ न्यूयॉर्कला उतरतानाच. त्यावर नवकारशीची ४८ मिनिटे. घरी जो काळ पावणेतेरा तासांचा, तो येथे साडेबावीस तासांचा होतो. विमानातील कोरड्या हवेत, पाण्याच्या थेंबावाचून!

वहिनी क्षणभर स्तब्ध झाल्या. मग म्हणाल्या, "नियम मोडणार नाही. दुसरा मार्ग काढा."

मार्ग निघाला. सकाळी ७ ला मुंबईहून निघून लंडन. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, साडेनऊ तास. तेथील दुपारी १२ ला आगमन. रात्रीचा मुक्काम पुतणीकडे. दुसऱ्या दिवशी ११ ला निघून आठ तासांत न्यूयॉर्क, तेथील दुपारी २ वाजता. दोन्ही टप्पे उजेडात. व्हिसा वेगळा काढावा लागला, खर्चही वाढला. पण नियम आणि प्रकृती दोन्ही सांभाळली गेली. जैन भोजनाची नोंद मात्र दोन दिवस आधीच करून ठेवली.

घरातील वडीलधाऱ्यांचे तिकीट काढताना आपण भाडे पाहतो. सूर्यास्त ते सूर्योदय किती तास, तेही मांडावे. पच्चक्खाणाचे बारकावे गुरुमहाराजांना विचारावेत. पण तासांचा हिशेब आपणच करून त्यांच्यापुढे ठेवावा.