सुई स्वस्त, म्हणून उपेक्षित?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली की आतड्यांची हालचाल काही दिवस थंडावते. पोट फुगते, अन्न चालत नाही, घरी जाणे लांबते. रोजंदारीवरील कुटुंबाला इस्पितळातील प्रत्येक जादा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि वाढलेले कर्ज होय.

सुयांतून सौम्य वीजप्रवाह सोडणाऱ्या इलेक्ट्रोॲक्युपंक्चरची या अवस्थेवरील एक चाचणी चीनमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेले २४८ रुग्ण तीत होते. खरा उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्यांना सुमारे ७६ तासांत शौचास झाले. लटका उपचार मिळालेल्यांत हाच अवधी ९० तासांचा होता. आतडी दीर्घकाळ थंडावण्याचे प्रमाणही २० टक्क्यांऐवजी १० टक्के राहिले.

याने कर्करोग बरा होत नाही. लाभ माफकच आहे. परंतु सुईत कोणाला मोठा नफा नाही, म्हणून तिची शिफारस करीत कोणी विक्रेता डॉक्टरांच्या दारी येत नाही. बाजार जे तपासणार नाही, ते आपल्या सरकारी इस्पितळांनी तपासले पाहिजे. ‘प्राचीन’ म्हणून पुजणे आणि ‘चिनी’ म्हणून झिडकारणे, दोन्ही सारखेच अविवेकी. निर्णय पुराव्याने व्हावा, आणि पुरावा गोळा करण्याचा खर्च समाजाने उचलावा.