कुलाब्याची लोकल आणि रेल्वेची जमीन

बधवार पार्क हे नाव 26 नोव्हेंबर 2008 नंतर देशभर पोचलं. दहशतवाद्यांची बोट लागली ती याच वसाहतीजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला. पण कफ परेडसारख्या महागड्या जागी रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आली कशी, हे फारसं कुणी विचारत नाही. तिथे कुलाबा स्टेशन होतं. बीबीसीआय रेल्वेने 1870 च्या दशकात आपली लाइन चर्चगेटच्या पुढे कुलाब्यापर्यंत नेली, कारण कापसाचा बाजार तिथे होता. गुजरातचा कापूस थेट गोदामांच्या दारात उतरे. पुढे हा बाजार शिवडीकडे गेला आणि त्याचं नाव आज हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनात उरलं आहे. प्रवाशांसाठी मोठं कायमस्वरूपी स्टेशन 1896 मध्ये सुरू झालं, आणि 5 जानेवारी 1928 रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल धावू लागली. त्यानंतर तीन वर्षंही पुरी झाली नव्हती, तोच 31 डिसेंबर 1930 रोजी कुलाब्याचं स्टेशन बंद झालं. आज त्याची ओळख पटावी असं तिथे जवळजवळ काही नाही. खूण काय ती रेल्वेची वसाहत.

प्रवासी नव्हते म्हणून हे घडलं नाही. बॅकबे भरावाच्या योजनेला चर्चगेटच्या दक्षिणेची जमीन हवी होती. तीच ही योजना, जिच्यातला गोंधळ खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. भराव घालून त्यावर वस्ती वसवायची असा सरकारचा बेत होता. म्हणजे जिथे माणसं यायची, तिथलेच रूळ काढले गेले. माझा आक्षेप इथे आहे. रेल्वेची जमीन हा नुसता भूखंड नसतो. वस्तीच्या मधून सलग गेलेली ती पट्टी एकदा तुटली की शहर ती पुन्हा जोडू शकत नाही.

यावर सांगितलं जातं की मेलगाड्यांना कुलाब्यात जागा अपुरी होती. ते खरंच, पण त्यावरचा उपाय डिसेंबर 1930 मध्येच झाला होता. मेलगाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या, तेव्हा लोकलपुरते दोन रूळ राखायला काय हरकत होती? रूळ शहर आणि समुद्र यांच्यामध्ये आडवे येत होते, हा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. ते तसेच राहिले असते तर भरावाच्या जमिनीकडे जाणं अवघड झालं असतं, हे मान्य करायलाच हवं. पण मार्ग सरकवता येतो, उचलता येतो. नवी जमीन घडवणाऱ्यांना तिच्यावर रुळांची एक पट्टी आखणं जड नव्हतं. पुढे नरिमन पॉइंटवर कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि चाकरमानी चर्चगेटला उतरून बसच्या आणि शेअर टॅक्सीच्या रांगेत उभा राहिला. ती रांग पिढ्यान्‌पिढ्या चालली.

ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पोचली. साडेतेहतीस किलोमीटरच्या या भुयारी मार्गाला सुमारे 37 हजार कोटी रुपये लागले. हा सगळा खर्च कुलाब्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. त्याचा बराच भाग उत्तरेकडच्या स्थानकांचा आहे. पण चर्चगेटच्या पुढे दक्षिणेला गाडी लागते, हे मान्य व्हायला पंचाण्णव वर्षं गेली आणि तोवर जमिनीवर जागा उरली नव्हती.

आज रेल्वे आपल्या जमिनी विकासकांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते आहे. रेल्वेला पैसा हवा आहे, आणि मोकळ्या पडलेल्या जागेतून तो उभा करण्यात गैर काही नाही. मात्र मुंबईत असा प्रत्येक करार करताना भावी रुळांची पट्टी आधी आखून वगळावी, तिचा नकाशा लोकांपुढे ठेवावा आणि त्यानंतरच निविदा काढावी. राज्य सरकारने आणि मुंबईच्या खासदारांनी ही अट रेल्वेकडून लेखी घ्यावी.